तिसऱ्या चिपची जागा

मोबाइल खाली ठेवा आधी, पोरांनो. भूत म्हटलं की तुम्हाला पिंपळ लागतो, पांढरी साडी लागते. तसलं काही इथे मिळणार नाही. ही गोष्ट सातपूर एमआयडीसीतल्या एका गाळ्यातली, आणि ज्याच्यावर बेतली तो माझ्या साडूचा पोरगा, दीपक. सर्किट बोर्ड बनवतो. हुशार म्हणून घरादाराने डोक्यावर बसवलेला. मला विचाराल तर अर्धवट शहाणा.

गेल्या भोगीची रात्र. थंडी अशी की दात वाजत होते. बायको म्हणाली, दीपक गाळ्यावर एकटाच आहे, बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी देऊन या. मी डबा घेऊन स्कूटरवर गेलो.

पोरगा पत्रा ठोकणाऱ्या एका प्रेस मशीनचा बोर्ड करत बसला होता. त्याच प्रेसखाली आदल्या वर्षी खंडेराव गेला. आमच्या ओळखीतला माणूस. हात आत असताना वरचा ठोकळा खाली आला, दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. मग कारखान्याच्या मालकाला अक्कल आली आणि त्याने दीपकला नवा बोर्ड सांगितला. बोर्डावर चार चिप. तिसरीचं काम एकच: प्रेसखाली हात आहे का ते बघायचं, असला तर प्रेस थांबवायची.

या चारही चिप एका साखळीत जोडतात. जेटॅग म्हणतात तिला. स्लॅब टाकताना घमेली हातोहात जातात ना, तसं. कॉम्प्युटर पहिलीला विचारतो, ती दुसरीकडे सरकवते, शेवटची उत्तर परत देते. कोण कोण हजर आहे ते त्यातून कळतं. मधली एक अडली की सगळंच अडतं. आणि दीपकची तिसरी अडत होती, कारण बोर्ड आखताना दीपकसाहेबांनीच तिची एक पिन भलतीकडे जोडली होती.

चूक कबूल करून नवा बोर्ड करायचा, तर साहेबांची शान गेली असती. त्यांनी काय केलं? गरम हवा मारून तिसरी चिप उपटली, तिच्या जागी बारीक तार टाकली आणि साखळी पुरी केली. प्रोग्रॅममध्ये लिहून टाकलं, हात नाही. कायमचं!

"अरे, उद्या त्या प्रेसवर खंडेरावच्या जागी राज बसणार आहे," मी म्हणालो. "लग्न ठरलंय त्याचं. हात जातील ना पोराचे!"

"काका, तुम्हाला यातलं कळत नाही. सकाळी डिलिव्हरी आहे. चिप नंतर बसवू. तोवर राजने सांभाळून काम करायचं, एवढं काय त्यात?"

एवढं काय त्यात! असल्याला भाकरी कशाला घालायची? मी डबा उचलला आणि निघालो. वाटेत मालकाला फोन लावला, त्याने उचलला नाही. तोही तसलाच.

पुढचं दीपकने मला नंतर सांगितलं. मान खाली घालून सांगितलं.

साडेबारा झाले असतील. शेजारचे गाळे बंद. शेवटचं तपासायला म्हणून त्याने साखळीला विचारलं, कोण कोण आहे? तीन यायला हव्या होत्या.

चार आल्या.

याला वाटलं, कॉम्प्युटर चुकला. आपण चुकू असं त्याला जन्मात वाटलं नाही. पुन्हा विचारलं. चार. तिसरीचा नंबर स्वच्छ आला... आणि उपटलेली तिसरी समोर, चिमट्याजवळ उलटी पडलेली.

मग त्याने तिलाच विचारलं. हात आहे का?

...आहे.

टेबलावर प्रेस नव्हती. नुसता बोर्ड होता.

त्याने बोर्डाची वीज बंद केली. स्क्रीनवर ओळी येतच राहिल्या.

हात आहे. हात आहे. हात आहे.

काय म्हणालास, झीशान? बग असेल? गप्प बस. तू दीपकच्याच वळणावर चाललायस.

त्याने बोर्डाकडून कॉम्प्युटरला जाणारी वायर उपटली.

हात आहे...

मागे कोणीतरी श्वास सोडला.

तो वळला नाही.

असं झाल्यावर माणूस काय करेल? निदान मालकाला सांगेल. या भित्र्याने शटर ओढलं, घरी जाऊन गोधडीत शिरला, आणि सकाळी तोच बोर्ड नेऊन प्रेसला लावला. तोंडातून शब्द काढला नाही. भुतापेक्षा त्याला स्वतःच्या इज्जतीची भीती जास्त. मला किळस येते असल्या माणसाची.

मालकाला गाठायला मी सकाळी कारखान्यात गेलो. पोचलो तेव्हा प्रेस चालू झाली होती. राजने पत्रा आत सरकवला. तो तिरका बसला. सरळ करायला राजने हात घातला... आणि पाय पेडलवर पडला.

ठोकळा खाली आला.

थांबला.

बोटांच्या जरासा वर.

राज हात बाहेर काढून मागे सरकला. दीपकने धावत जाऊन पॅनल उघडलं. तिसरीची जागा रिकामी. तार होती तशी. प्रेस थांबायचं काही कारणच नव्हतं.

मालकाने ठोकळा वर घेतला आणि खालून बॅटरी मारली. ठोकळ्याच्या खालच्या अंगाला, तेलात, एक पंजा उमटला होता. खालून वर रेटलेला. उघड्या हाताचा, रेघन् रेघ दिसत होती.

राजच्या दोन्ही हातांत मोजे होते.