बांगड्यांची ओसरी

लोकांच्या ओसरीला शेणामातीचं सारवण पुरायचं. दवनीवाड्याच्या गोमतीला मात्र फुटक्या बांगड्या लागायच्या. गावच्या बायका तिला काचा आणून देत आणि पाठ वळली की हसत. ती ओल्या मातीत एकेक तुकडा दाबत बसे.

हे खूळ मुळात तिच्या नवऱ्याचं, नंदलालचं. मोठ्या लढाईत तो आणि गावचाच इंदरलाल इटलीत फौजेची मोटार हाकायचे. तिथं जुन्या रोमन हवेलीच्या पडक्या भिंतींत दोघांचा मुक्काम पडला. भुईवर बारीक रंगीत खड्यांचं चित्र होतं: मासे, मोर आणि मधोमध खांद्यावर कोकरू घेतलेला पोरगेला गुराखी. तो ख्रिस्ती लोकांचा देव, असं कोणीतरी सांगितलं. नंदलाल म्हणायचा, हा तर आपल्याच गावचा गुराखी. घरी अशीच ओसरी करीन. मग बॉम्ब पडला आणि इंदरलाल एकटाच परतला.

ना हाड आलं, ना राख. गोमती म्हणाली, त्यांची ओसरी पुरी होऊ द्या, मग माझ्या बांगड्या फोडते.

म्हणून इंदरलाल दर बाजाराच्या दिवशी यायचा, गुळाचा चहा घ्यायचा आणि त्याला आणखी एक मासा आठवायचा. खरे मासे दोनच होते. पण तिचा हिरवा चुडा पाहिला की चित्र पुरं झालं म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. वर्षानुवर्षं मासे वाढत गेले. खोटं तर खोटं, पण त्या गप्पांत नंदलाल पुन्हा हसायचा, आणि इंदरलालला ते दिवस फार गोड वाटायचे.

एकोणीसशे त्रेपन्नच्या पौषात तो आला, तर मासे उकरून काढलेले. दोनच उरले होते.

"काऊन जी, भाऊजी," गोमती शांतपणे म्हणाली, "मले फसवून राहिले होते?"

तिची मनगटं उघडी होती. गुराख्याचा अंगरखा हिरवागार झाला होता.

इंदरलाल वाकून पाहू लागला. मोराची तुटकी शेपूट, गुराख्याच्या पायाशी गेलेला तडा, सगळं हुबेहूब तिथल्यासारखं. यातलं त्याने काहीच सांगितलं नव्हतं.

कोकराला डोळा नव्हता.

तिकडे मातीत ठेवताना नंदलालच्या तोंडात घालायला ना तुळस होती, ना सोनं. इंदरलालने हवेलीतल्या कोकराचा सोनेरी डोळा सुरीने उचकटून त्याच्या जिभेवर ठेवला होता. हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

"डोळा राहिला, वहिनी," तो कसाबसा म्हणाला.

"राहू द्या जी. तो त्यायच्या तोंडात आहे," ती म्हणाली. "बोलतानी दातावर वाजते."