बाबांचा झुरका

ही घटना खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या. पण यातली माणसं माझ्या घरातली आहेत, आणि त्यांतलं एक अजून रोज संध्याकाळची वाट बघत भीतीने गारठतं.

माझी मावसबहीण हिमानी. माहेर उमरोळीचं, सासर तारापूरला, खाडीकडेच्या घरात. गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी त्या घरात जे झालं, ते तिने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

तिचे सासरे खंडेराव. घराणं मासेमारीचं, पण ते शिकून परदेशी बोटींवर इंजिनियर झाले. बोटीवरचे बाकीचे बंदरांतून अत्तरं आणायचे, घड्याळं आणायचे.

खंडेराव आणायचे सिगार.

त्यांच्या खोलीत एक कपाट होतं. आत देवदाराच्या लाकडाचे डबे. प्रत्येक डब्यात ओल्या स्पंजचा तुकडा आणि हवेतला ओलावा दाखवणारा बारीकसा काटा. समुद्राची दमट हवा लागली की सिगारवर बुरशी धरते, आणि फार कोरड्या झाल्या तर त्या तडकतात. म्हणून ते कपाट पोटच्या पोरापेक्षा जास्त जपलं जायचं. एकेक सिगार कानाशी धरून बोटांनी हलकीच दाबायची. करकरली तर कोरडी. दबून पुन्हा फुगली तर जिवंत.

"जिवंत" हा त्यांचाच शब्द.

मुलगा मेहुल लहानपणी एकदा न विचारता त्या डब्यांना हात लावून बसला होता. खंडेरावांनी काही न बोलता त्याचं मनगट धरलं आणि सिगारचं जळतं टोक त्यावर टेकवलं. वर शांतपणे बोलले, "आता नाय विसरणार."

मेहुल विसरला नाहीच.

बोईसरला त्याचं छोटं वर्कशॉप. हिमानीशी लग्न झालं, संसार लागला. मग खंडेरावांना लकवा मारला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. राहिले फक्त डोळे... आणि ओठ. ओठांचा चंबू करून ते हवा ओढायचे.

पप्... पप्... पप्...

सिगार मागायचे.

मेहुल कामावरून आला की खुर्ची ओढून त्यांच्या पलंगासमोर बसायचा. कपाट उघडायचा. त्यांच्यादेखत सगळ्यात जुना डबा काढायचा. सिगार त्यांच्या नाकाखालून फिरवायचा, ऐटीत टोक कापायचा, पेटवायचा.

"पायजे, बाबा? पण डॉक्टर नाय बोललेत ना."

आणि धूर त्यांच्या तोंडावर सोडायचा.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. ओठ हलत राहायचे. पप्... पप्...

"अवो, द्या ना एक झुरका. मरतोय तो माणूस," हिमानी एकदा म्हणाली.

"म्हणूनच नाय देत," मेहुल म्हणाला.

श्रावणात खंडेराव गेले. संध्याकाळची वेळ होती, दिवेलागण व्हायची होती. लोक त्यांचं तोंड मिटायला गेले तर मिटेना. ओठांचा चंबू तसाच... ताठ. तसंच नेलं त्यांना.

मग आली तुळशीच्या लग्नाची संध्याकाळ. अंगणात ऊस उभे केलेले. हिमानी आत चुरमुरे काढत होती. मेहुलने खंडेरावांचा सगळ्यात आवडता डबा आणला आणि ओसरीत झोपाळ्यावर बसला. आता कोणाला दाखवायचं नव्हतं, नुसती मजा घ्यायची होती. त्याने सिगार पेटवली. झुरका घेतला.

काहीच आलं नाही.

पुन्हा ओढली. नुसती हवा. बुजली असेल म्हणून त्याने ती तोंडातून काढून हातात धरली...

आणि टोक लाल झालं.

आपोआप. कोणीतरी दुसऱ्या बाजूने सावकाश, मन लावून ओढावं तसं. लाल झालं, विझलं. लाल झालं, विझलं.

हिमानी दारात आली तेव्हा मेहुल त्या टोकाकडे बघत होता. हसायला गेला. हसू आलं नाही, कारण छातीत हवाच नव्हती. टोक लाल झालं की त्याची छाती आत जायची. एकेका झुरक्यासरशी. जणू सिगार नाही, तोच ओढला जात होता.

तिने झडप घालून ती सिगार अंगणात फेकली.

ती तुळशीपाशी पडल्या पडल्याही लाल होत राहिली... शेवटपर्यंत.

त्या दिवसापासून मेहुलचा दम गेला. पालघरला दाखवलं, पुढे मुंबईला नेलं. छातीच्या फोटोत फुप्फुसं स्वच्छ. कोणाला काही सापडेना. वर्कशॉप बंद पडलं. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. दिवसभर जरा बरं असायचं, पण दिवेलागणीला छाती आत जायला लागायची. ओठ निळे पडायचे. आणि त्याच्या नाकातोंडातून धूर यायचा. बारीक, निळसर. त्याने कशाला हात लावलेला नसायचा.

वास मात्र फार सुंदर असायचा. देवदाराचा, मधाचा, जुन्या चामड्याचा.

एका संध्याकाळी मेहुल डोळे पांढरे करायला लागला, तेव्हा हिमानीच्या रागाचा कडेलोट झाला. तिने कपाटातली एक सिगार काढली, पेटवली आणि सासऱ्यांच्या फोटोसमोर ठेवून ओरडली, "घ्या! ओढा काय ती! त्यांना सोडा!"

टोक लाल झालं.

मागे पलंगावर मेहुलने लांब, पोटभर श्वास घेतला.

मग रोजचंच झालं. दिवेलागणीला फोटोसमोर एक सिगार. ती जळेपर्यंत, ओढणारं कोणी नसताना, झुरक्यांचा आवाज यायचा, आणि मेहुल शांत झोपायचा. मुंबईहून नवीन सिगार मागवून ठेवली तर ती विझून गेली. त्या रात्री मेहुल जाता जाता राहिला. म्हाताऱ्याला त्याच्याच सिगार हव्या होत्या.

जिला तंबाखूच्या वासाने मळमळायचं, ती हिमानी त्या कपाटाची राखण करायला लागली. स्पंज ओले करायचे, काटा बघायचा, डबे खालीवर करायचे. एकेक सिगार कानाशी धरून दाबायची. करकरली की स्पंज पुन्हा ओला करायची. खराब झालेली सिगार म्हणजे नवऱ्याचा एक दिवस कमी.

आणि मेहुल पलंगावरून बघत राहायचा. डबे रिकामे होताना.

ज्येष्ठात हवा दमट झाली. एका दुपारी शेवटच्या डब्यांत तिला पांढरे डाग दिसले. काही सिगारना टाचणीच्या टोकाएवढी भोकं. तंबाखूतला किडा लागला होता. कुठल्या राहतील, कुठल्या जातील, तिला कळेना. तिने नरहरीकाकांना बोलावलं. ते खंडेरावांचे बोटीवरचे मित्र, बोईसरला राहायचे. मोकळे, हसरे, खाण्यापिण्याचे शौकीन. तिने त्यांना बाकी काही सांगितलं नाही. जुन्या वस्तू आहेत, बघून सांगा, एवढंच.

काकांनी डबे खिडकीपाशी नेले. डाग फडक्याने पुसून पाहिले. "ही बुरशी वरवरची हाय. पुसली की गेली. भोकवाल्या मात्र बाजूला काढ, नायतर सगळ्यांना लागेल." मग एक सिगार नाकाशी धरून त्यांनी डोळे मिटले. "काय जपल्यात गं पोरी! पण आतून कशा हायत ते वास घेऊन नाय कळत. एक ओढूनच बघायला पायजे."

ओढली तर काय होईल, हिमानीला माहीत होतं.

तिने तोंड उघडलं. "काका, नको" एवढं बोलायचं होतं.

आतल्या खोलीतून मेहुलच्या छातीची शिटी ऐकू आली.

तिने तोंड मिटलं. आणि काडेपेटी काकांकडे सरकवली.

काकांनी निवांत टोक कापलं. ज्योत लांब धरून, सिगार फिरवत फिरवत पेटवली. पहिला झुरका घेऊन थांबले.

"हवा येत नाय गं हिला..."

त्यांनी ती हातात धरली. टोक लाल झालं. काका हसले. पुन्हा लाल झालं. काकांचा हात छातीवर गेला.

"जरा पाणी दे, पोरी."

त्या संध्याकाळी मेहुल स्वतः उठून पाटावर बसला. सुकटीचं कालवण आणि भात मागून मागून खाल्ला. फोटोसमोर काही ठेवलं नव्हतं. तरी त्याला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या दिवशी नाही. मशीनवर कापड टाकून ठेवलं.

बोईसरला नरहरीकाकांचा दम वाढत गेला.

आषाढ संपायच्या आत ते गेले. त्यांची बायको, हंसाकाकू, रडत सांगत होती, "शेवटी शेवटी यांच्या तोंडातून धूर यायचा गं. घरात विडीसुदा नाय आमच्या."

हिमानीने त्यांना जवळ घेतलं. डोकं थोपटलं.

काकांच्या दहाव्याला मेहुल धडधाकट गेला. परत येताना ओसरीची पायरी चढला... आणि तिथेच बसला. छाती आत गेली.

काका संपले होते. म्हातारा घरी परत आला होता.

हे सगळं हिमानीने मला परवा फोनवर सांगितलं. रडली नाही. आवाज अगदी साधा, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. डब्यात आता मोजक्याच उरल्यात, म्हणाली. रोज एक जाळली तर गणपतीपर्यंतसुद्धा पुरणार नाहीत.

मी म्हणालो, "ताई, त्याला घेऊन उमरोळीला ये. ते घर सोड."

"नेऊन बघितलं रे. तिथे पण येतात बाबा."

मागे कुठेतरी मशीनची घरघर चालू होती.

"कमलेश," ती म्हणाली, "तुझ्या ओळखीत कोण हाय का रे... सिगारचा शौकीन? वयस्कर असला तरी चालेल. एकटा राहणारा असला तर बरं."

"नाही," मी म्हणालो. "माझ्या ओळखीत असलं कोणी नाही."

"बरं," ती म्हणाली. "आठवला तर सांग."

फोन ठेवला.

खरं सांगू? ती विचारत होती तेव्हाच माझ्या डोळ्यांसमोर एक माणूस येऊन उभा राहिला होता. मनोरला राहतो. एकटाच असतो.

तो अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.