मांडीवरचं मूलही एक

तानुमामी गेल्याचं उद्धव आणि पद्मजाला एसटीच्या थांब्यावरच कळलं.

दिवाळीच्या सुटीत ही भावंडं परभणीहून मामाच्या गावी आली होती. न्यायला नेहमी मामी यायच्या. आज शेजारची, त्यांच्याच वयाची अनसूया आली होती. एरवी तिचं तोंड थांबत नसे. आज तिनं पिशवी उचलली आणि खाली बघत म्हणाली, “काल तळ्यात नाव बुडाली. समदे निघाले. तुमची मामी न्हाई निघाली.”

दहावा झाला. मुंजाजीमामा ओट्यावर बसून असायचे. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच बोलायचा. बाई मधेच उभी राहिली, म्हणून नाव कलंडली. पंचनाम्यातही तेच होतं. मामा ऐकून घ्यायचे.

पद्मजाला मात्र ऐकवेना. “मामी उगाच उभ्या राहतील? बैलगाडीतसुद्धा त्या घट्ट धरून बसायच्या!”

“माझा लहाना भाऊ तिच्या मांडीवर होता,” अनसूया म्हणाली. “तिनं त्याला वर धरलं म्हणून वाचला. पण तो दोन वर्षांचा. त्याला कोण इचारणार?”

“मग आपण नाववाल्यालाच विचारू! चला तळ्यावर!” उद्धव उठलाच.

चारठाण्याची देवळं बघून लोक या तळ्यावर फिरायला येत. नावांचा ठेका आबासाहेबांकडे होता. त्यांची दुसरी नाव काठाला बांधलेली होती. नावाडी सिताराम तिला रंग देत होता. रविवारी ती पाण्यात जाणार होती!

“काय बघायलाव रे फळीखाली?” आबासाहेब ओरडले.

“किती माणसं बसवायची, ते लिहिलेलं असतं ना?”

“हाय की! आठ. वाच.”

बसायच्या फळीखाली एक गंजकी पट्टी होती. उद्धवला ती वाचायला जवळजवळ आडवं व्हावं लागलं.

“ही बसणाऱ्याला दिसणार कशी?”

“बसणाऱ्यानं पाणी बघायचं का पट्टी?”

“त्या दिवशी किती होते?”

“आठ! एकबी जास्त न्हाई. फौजदारालाबी हेच सांगितलं.”

“आठ?” अनसूया उसळली. “काठावर तर लय जण भिजून रडत होते!”

“ए पोरी, हिशोब शिक आधी! तुमी तिघं म्हंजे किती?”

“तीन!”

“दीड! एसटीत अर्धं तिकीट असतंय का न्हाई? दोन पोरं म्हंजे एक माणूस. मांडीवरचं तर धरतच न्हाईत.”

तिघं एकमेकांकडे बघतच राहिली. म्हणजे हा माणूस खोटं बोलत नव्हता! त्याला खरोखरच ते आठ वाटत होते!

ती धावत सरपंच माणिकरावांकडे गेली. ते सुपारी कातरत म्हणाले, “झालं ते झालं. सुटी हाय, खेळा.” दत्तोपंत गुरुजींनी तर पुरतं ऐकलंही नाही. “मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नये,” म्हणाले.

“आपण अर्धे ना,” पद्मजा दात ओठ खात म्हणाली, “म्हणून आपलं ऐकतातही अर्धंच!”

“मग अर्ध्यांनाच गोळा करू,” उद्धव म्हणाला.

रविवारी नायब तहसीलदार नाव तपासायला आले. सारा गाव काठावर जमला.

“किती बसवता?”

“आठच, साहेब. एकबी जास्त न्हाई.”

“मग आम्हाला बसवा!” पद्मजा पुढं झाली. “आम्ही आठ माणसं आहोत!”

तिच्यासकट सोळा पोरं उभी होती. निम्म्यांच्या कडेवर धाकटी भावंडं होती.

“हा खेळ हाय का?” आबासाहेब कडाडले.

“का? तुमचाच हिशोब! दोन पोरं म्हणजे एक. कडेवरची तर धरतच नाहीत!”

नाव गुडघाभर पाण्यात होती. मुंजाजीमामा कधी आले, कुणालाच कळलं नव्हतं. ते पाण्यात उतरले आणि त्यांनी दोर हातात घेतला. “बसा रे. मी धरतो.”

पोरं चढू लागली. नाव खाली, आणखी खाली जाऊ लागली. चार पोरं अजून बाहेरच होती, तोच नावेच्या कडेवरून पाणी भस्सकन आत आलं! अनसूया भावाला वर उचलून ताडकन उभी राहिली.

“उठू नको! बस खाली!” आबासाहेब ओरडले.

“पाणी आलंय की! बसून राहू का?”

मामांनी अनसूयाच्या हातातलं मूल घेतलं.

सितारामनं मान खाली घातली. “असंच झालं, साहेब. पाणी आधी आलं. बाई मागून उठली.”

“उतरा सगळे!” साहेब भडकले. “आबासाहेब, परवान्याची अट वाचलीत का कधी? आकडा बाहेरून, काठावरून दिसला पाहिजे. आणि जेवढे जीव तेवढी माणसं! तोवर नाव बंद!”

“शाब्बास पोरांनो!” माणिकराव पुढं आले. “लय हुशार!”

“हेच परवा सांगत होतो!” तिघं एकदम ओरडली.

घरी जाताना मामा आपणहून बोलले. “तुमी आलात, लय बरं केलं.” रात्री त्यांनी भाकरी मागून घेतली.

आता नावेवर बाहेरून पांढऱ्या रंगात मोठं लिहिलेलं आहे: आठ माणसे. मांडीवरचं मूलही एक.

पंचनाम्यात मात्र अजून, बाई उभी राहिल्यामुळे नाव बुडाली, असंच आहे. मामांनी दोनदा अर्ज दिला. ते बदलायचं राहिलं आहे.