मातीचा माणूस

मंगळावरच्या लोहितपूर वसाहतीचे नगरप्रमुख यशोधन ढमढेरे मृद्‌मुद्रा प्रयोगशाळेत शिरले तेव्हा खुशीत होते. या वसाहतीत जन्मलेलं पहिलं मूल म्हणजे ते. या एका भांडवलावर त्यांनी पन्नास वर्षं कौतुक करून घेतलं होतं, आणि अलीकडे मतंही. यंदा मात्र जलशुद्धी केंद्राची प्रमुख कौसर मुजावर त्यांच्याविरुद्ध उभी राहत होती आणि लोक तिचं ऐकू लागले होते. कौसर सात वर्षांची असताना पृथ्वीवरून आली होती. ढमढेऱ्यांनी नेमकं तेवढंच पकडलं. जो मंगळाच्या मातीचा, त्यालाच निवडणूक लढवता येईल, असा कायदा त्यांनी करून घेतला.

मातीचा माणूस ओळखायचा कसा, हे या प्रयोगशाळेच्या डॉक्टर अनघा मोघ्यांनी त्यांना समजावलं होतं. प्रत्येक ग्रहाच्या मातीत स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं प्रमाण वेगळं असतं. ते पिकातून अन्नात आणि अन्नातून शरीरात उतरतं. हीच मृद्‌मुद्रा. पहिल्या मसुद्यात चाचणी हाडांची होती. पण हाडं सतत नवी होत राहतात आणि इथलं खाऊन कौसरची हाडं केव्हाच मंगळाची झाली आहेत, हे कळल्यावर साहेबांनी तो मसुदा परत मागवला. दातांचं कवच मात्र लहानपणी एकदा घडतं ते कायमचं. मग त्यांनी हाडं खोडून दात घातले. स्वतःच्या तोंडात खरे दात चारच उरले होते, म्हणून ‘कोणताही एक दात पुरे’ अशी पुस्तीही जोडली. आपली सोय आधी बघायची, हा त्यांचा जुना स्वभाव.

आज दोघांच्या दातांचा निकाल होता.

“मुजावरबाई पात्र आहेत,” डॉक्टर म्हणाल्या.

ढमढेऱ्यांना ते पटेना. तिचे दात पृथ्वीवर घडलेत, हे त्यांनी दोनदा बजावून सांगितलं.

“अठ्ठावीस दात पृथ्वीचेच आहेत. पण अक्कलदाढेचं कवच आठव्या-नवव्या वर्षानंतर घडतं. तोवर आपल्या हरितगृहात पिकं यायला लागली होती. त्यांची ती एक दाढ मंगळाची आहे.”

ठीक आहे, मतदानात बघून घेऊ, असं पुटपुटत साहेब उठायला लागले. डॉक्टर जागच्या हलल्या नाहीत.

“साहेब, तुमची मृद्‌मुद्रा जुळत नाही.”

“मी इथे जन्मलो, डॉक्टर.”

“जन्म इथला, पण शिधा तिथला. पहिलं पीक निघालं तेव्हा तुम्ही बावीस वर्षांचे होता. तोवर आधी तुमच्या आईने आणि मग तुम्ही पृथ्वीवरून आलेले डबेच खाल्ले. तुमचे चारही दात पृथ्वीच्या मातीचे आहेत.”

ढमढेरे पुन्हा खुर्चीत बसले. त्यांनी हाडांचं विचारलं.

“हाडं इथलीच. पहिला मसुदा राहिला असता तर तुम्ही दोघंही पात्र ठरला असता.”

ढमढेऱ्यांना एकदम पोरकं वाटलं. लोहितपूरचं पहिलं बाळ त्यांच्याच सहीने परकं ठरलं होतं.