जबलपूरचा डाव बरोबरीत सुटला

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे घडलंय. कुंभकोणमला, १९५६ साली, भर दुपारी, माझ्या चंद्रमौलीअप्पांच्या घरात.

काकाच माझे, पण आम्ही सगळी अप्पाच म्हणायचो. त्यांचा एकुलता मुलगा कल्याणराम जबलपूरला नोकरीला. बापलेक पत्रानं बुद्धिबळ खेळायचे. एका कार्डात एक खेळी. या डावात काळी मोहरी कल्याणरामची. अप्पांनी मधली प्यादी सोडून उंटापुढचं प्यादं आधी काढलेलं. कडेकडेनं डाव छान रंगला होता.

आणि पोरगा तिकडेच तापानं गेला. अप्पांना त्याचं तोंडही दिसलं नाही.

अप्पा रडले नाहीत. कचेरीत जायचे, दुपारी जेवायला घरी यायचे. पट तेवढा उचलू देईनात. डाव संपला की पोरगा संपला, एवढंच डोक्यात.

एका दुपारी...

ठक्.

काळा घोडा पुढे आला होता.

"तू हात लावलास?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मी कशाला लावू?" त्रिपुरसुंदरीकाकू आतून म्हणाली.

खेळी थेट कल्याणरामची. भ्यायला हवं होतं. अप्पांना काहीच वाटलं नाही. त्यांनी आपली खेळी केली. दुसऱ्या दुपारी पुन्हा... ठक्.

असे दिवस गेले. मग काळा हत्ती नुसता मागेपुढे करू लागला. अप्पाही उंट मागेपुढे करत राहिले. तीच मांडणी तिसऱ्यांदा आली की डाव बरोबरीत सुटतो.

पोरगा सुटायला बघत होता!

अप्पांनी उंट सोडून मुद्दाम प्यादं ढकललं. हरलो तरी चालेल, डाव चालू राहू दे.

काकू दारातच उभी होती. तिला खेळ येत नव्हता, तरी कळलं.

"अहो, सोडा की त्याला."

"गप बस!"

दुसऱ्या दुपारी बघतात तर... प्यादं मागच्या घरात. अहो, प्यादं कधी मागे जातं का? आणि उंट तिसऱ्यांदा त्याच जागी.

अप्पांचं अवसानच गेलं.

"बरं बाबा. बरोबरी."

डाव सुटला की हात मिळवायची रीत. पत्राच्या डावात ती कुठून पाळणार? पण अप्पांनी पटावरून हात पुढे केला. समोरचा पाट रिकामा होता.

तरी कुणीतरी हात धरला...

तेव्हापासून अप्पांचा उजवा हात तसाच, अर्धा मिटलेला. वैद्य झाले, डॉक्टर झाले. डाव्या हातानं जेवणं त्या घरात चालायचं नाही, म्हणून काकू घास भरवायची.

एकदा धीर करून मी विचारलं, "अप्पा, दुखतो का हो?"

"नाही पोरी. काहीच कळत नाही."

मग हाताकडे बघत हळूच म्हणाले, "मी कधीच सोडलाय गं. तोच सोडत नाही."