कोरी बरणी

बारा ग्रॅम दवणा मागितला, तर त्या दुकानदाराने सुकलेल्या काड्या मुठीत धरल्या, छताकडे बघत क्षणभर विचार केला आणि थेट पुडी बांधली.

"मोजला नाहीत," मी म्हणाले.

"मोजला की. हाताने."

माझ्या पर्समध्ये छोटा काटा असतो. यावरून घरी माझी यथेच्छ चेष्टा होते, पण तो काढून मी त्याच्या फळीवर ठेवला. चौदा ग्रॅम भरले.

"दोन माझ्याकडून," तो हसून म्हणाला.

मी दोन ग्रॅम वेचून परत केले. काडी काडी. तो हाताची घडी घालून बघत राहिला, आणि तेव्हापासून मी त्याच्यासाठी ग्रॅमबाई झाले.

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारीने दवणा का घ्यावा, तर बाबांमुळे. दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला बाबा आईला घरी केलेल्या द्राक्षाच्या वाइनची एक बाटली देतात. तिच्यात औषधी पाला मुरवलेला असतो, त्यामुळे चव कडसर-गोड आणि मागून गारवा. बाबांना गोड बोलता येत नाही. वर्षभराचं जे काही असेल ते त्या बाटलीत. यंदा तापानंतर त्यांना वासच येईनासा झाला. नाक नाही तर बरणीला हात लावणार नाही, म्हणाले, आणि स्वयंपाकघरात यायचेच बंद झाले. कृती विचारली तर, थोडा दवणा, जरा पुदिना, संत्र्याची साल बेताने. बेताने म्हणजे किती? बेताने म्हणजे बेताने.

मग मीच वाइन आंबवली, निवळू दिली आणि काचेच्या पाच बरण्यांत भरली. उजेड लागू नये म्हणून बाहेरून तपकिरी कागद. प्रत्येकीत मोजून बांधलेली पाल्याची पुरचुंडी, प्रत्येकीची नोंद वहीत. चौथी मात्र मुद्दाम कोरी, नुसती वाइन, तुलनेसाठी.

संत्र्याची साल संपली तेव्हा दुकानदार स्वतः पुडी घेऊन घरी आला. घराच्या वाटेवरच आहे, म्हणाला. त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, हे आईने दोन दिवसांत शोधून काढलं. तीन आठवड्यांत तो चार वेळा आला. हात न धुता झाकणं उघडायचा. मी ओरडायचे, तो हात धुवायचा, आणि पुन्हा टॉवेल सोडून पँटलाच पुसायचा.

पण बाबा त्याच्यासाठी स्वयंपाकघरात येऊन बसू लागले. आता कसा येतोय रे वास, विचारायचे. आणि तो डोळे मिटून सांगायचा, "काका, पावसात भिजलेल्या लाकडी पेटीसारखा. आत कुणीतरी संत्रं विसरलंय."

माझ्या वहीत त्याच बरणीपुढे लिहिलं होतं: कडू, तीव्रता तीन. मला स्वतःचाच राग आला. त्याचा जास्त.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आई चव बघायला बसली. पहिली, नाही. दुसरी, औषध. तिसरीचा पेला तिने बाजूला सारला. चौथी राहू दे, कोरी आहे, मी म्हणाले. तिने तरीही घोट घेतला. थांबली... दुसरा घेतला.

"हीच," ती म्हणाली. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मी कागद फाडला. तळाशी पुरचुंडी होती, दुकानातल्या लाल दोऱ्याने बांधलेली.

मी तशीच चपला अडकवून दुकानात गेले. "माझ्या कोऱ्या बरणीत काय घातलंस तू?"

"ती एकटीच रिकामी होती," तो म्हणाला. "वाईट वाटलं."

"ती रिकामीच असायला हवी होती. तुलनेसाठी!"

"मग, जमली का तुलना?"

मी फळीवर काटा आपटला. किती घातलं, विचारलं. ते हाताला माहीत, वास सांगितला की काका कमी-जास्त म्हणायचे, त्यावरून बेताने म्हणजे किती ते कळलं, म्हणे. पुढच्या वर्षी मी वहीत हात लिहू का? चल, चिमटी घे, मी म्हणाले.

त्याने दवण्याची चिमटी काट्यावर सोडली. शून्य पूर्णांक चार. दुसरी, चार. तिसरी, चार. आमच्या प्रयोगशाळेत इतकं सारखं कुणाचंच येत नाही. चौथ्यांदा मात्र पाला बाहेर सांडला.

"आता का सांडला?"

"तू इतक्या जवळून बघतेयस... म्हणून."

मी नजर वर केली नाही. पण मागेही सरकले नाही. "पुढची," मी म्हणाले.

त्याने सावकाश पाचवी सोडली. आकडा शून्य पूर्णांक नऊवर थांबला.

"हे दुपटीहून जास्त झालं."

"त्यातले चार, काकांच्या बेताने," तो म्हणाला. "वरचे पाच माझ्याकडून."

मी वही उघडली, नऊ लिहिले. या वेळी काहीच परत केलं नाही.