उसना हात

मिरजेच्या स्नायुलेख प्रयोगशाळेत डॉ. नफिसा मुजावरनं वत्सलाबाईंच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत स्नायुबाही चढवली. बाईंनी सतार मांडीवर घेतली.

“बोटांत स्नायू नसतातच, बाई. कठपुतळीसारखी ती इथून, कोपराखालून ओढली जातात. बाही ते विजेचे संदेश टिपते. मग जो ती घालेल, त्याचा हात तुमच्यासारखा चालतो. त्यानं आवरू म्हटलं तरी आवरत नाही.”

“ठाऊक आहे. आमच्या शिष्यानं, केदारनं मागे ‘आठवण म्हणून’ हात टिपून नेला, तो अजून मिरवतोय. आणि जगाला सांगतो, म्हातारीचा हात गेला.”

नफिसा चपापली. “मला तर केदारजी म्हणाले, आजचं टिपण संग्रहालयासाठी हवंय.”

“तुलाही बनवलं म्हणायचं! बरं, एक सांग. ही नुसती हालचाल टिपते, की आतला जोरही?”

“सगळा जोर. पुढचे स्नायू बोटं मिटतात, मागचे उघडतात. दोन्ही एकदम ताणले, तर बाहेरून काही दिसत नाही, आत मात्र रस्सीखेच. तसं वाजवू नका हं! पुढचे जास्त बळकट. दोन्ही असे आखडून बसले की मूठ मिटते ती कायमची.”

“आणि खोटंखोटं ताणलं तर?”

“छे! हात खरंच करेल तेवढंच उतरतं.”

“मग कर सुरू.”

बाईंनी दरबारी छेडला. पडद्यावरच्या रेषा चढत गेल्या, दोन्ही बाजूंच्या. नफिसा अर्धवट उठली. बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती खाली बसली.

पुण्याच्या मैफलीत दरबारीतली तीच मींड सभागृहभर पसरली, नितळ, तासलेली. झब्ब्याखालच्या स्नायुबाहीत केदारचा हात जळत होता. बाही ओरबाडून काढायची, तर चारचौघांत. तो दात आवळून बसला. घाम हनुवटीवरून सतारीवर ठिबकत होता.

“काय रंगलाय!” बाईंच्या शेजारचे गृहस्थ पुटपुटले.

“हो ना,” बाई म्हणाल्या, “अगदी आतून वाजवतोय.”

शेवटचा सूर विरला. सभागृह उठून उभं राहिलं. केदारनं नमस्कारासाठी हात जोडायला घेतले, पण डावी मूठ उघडेना. त्यानं उजव्या हातानं एकेक बोट ओढून पाहिलं. मग पहिल्या रांगेत त्याला बाई दिसल्या.

बाईंना टाळ्या वाजवायच्या होत्या, अगदी कडकडून. पण पदराखालची त्यांची डावी मूठ मिरजेत दरबारी वाजवल्यापासून उघडली नव्हती.

त्यांनी उजव्या हातानंच मांडीवर थाप मारून दाद दिली.